दुधाच्या कपाटातला रेडिओ

आमच्या घरात तंबाखू कुणी खात नव्हतं, ओढत नव्हतं, पण सगळं घर तंबाखूवर चालायचं. आप्पा निपाणीच्या एका वखारीत तंबाखूचे बोद, म्हणजे ठासून भरलेली मोठी पोती, उचलायला जायचे. आई आणि आक्का त्याच वखारीत पानांतल्या काड्या निवडायच्या. वाटणीत आमच्या वाट्याला माळाचा तुकडा आला होता. त्यात ज्वारीपेक्षा कुसळंच जास्त यायची, म्हणून गाव सोडून आम्ही निपाणीत दोन खणांच्या भाड्याच्या घरात राहिलो. तिघं कामावरून आली की घरात तंबाखूची भुकटी यायची. लुगड्यातून, डोक्याच्या फडक्यातून, नखांतून. आई हात घासून घासून भाकरी थापायची, तरी पहिल्या घासाला मला शिंक यायची. आप्पा खोकत खोकत म्हणायचे, "शिंक शिंक, तंबाखूची चव फुकट मिळतीया तुला."

आम्ही जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि पाणी गाळून प्यायचं हे गरिबीतही सुटलं नाही. कधी भाकरीबरोबर नुसतं मीठ असायचं, पण ते दिवसाउजेडी खाल्लेलं असायचं.

आक्का माझी थोरली बहीण. चिकोडीकडच्या एका खेड्यात दिली होती. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नाहीत तोवर दाजी तापानं गेले आणि ती आमच्याकडं परत आली. वखारीत बायका काड्या निवडताना गाणी म्हणत, एकमेकींची थट्टा करत. आक्का खाली मान घालून पानं उलगडत राहायची. तू गाऊ नको, गाणं ऐकायला जाऊ नको, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. नाटक, भजन, लग्नाचा वाजंत्री ताफा, सगळं तिच्यासाठी भिंतीपलीकडं गेलं होतं. आणि गाण्याचं वेड तर आमच्या घरात तिच्याएवढं कुणालाच नव्हतं.

मी हायस्कुलात होतो तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाला एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं रेडिओ आणला. दोन उंच बांबू, त्यांच्यामध्ये ताणलेली तार, आणि पेढीवर पेटाऱ्याएवढं ते खोकं. संध्याकाळी तो ते रस्त्याकडं तोंड करून लावायचा. खाली रस्त्यात गडीमाणसं उभी. बाई त्या गर्दीत शोधून सापडायची नाही. खोक्यातून आधी दोनचार मिनिटं पापड तळल्यासारखा आवाज यायचा, मग त्या चरचरीतून कुठूनतरी तंबोरा वर यायचा. आम्ही श्वास धरून उभे राहायचो. गाणं रंगात येई, तेवढ्यात पेढीवर कुणी गिऱ्हाईक आलं की व्यापारी त्याला ऐट दाखवायला बटण फिरवायचा. "हे बघा मद्रास. हे बघा दिल्ली." गाणं तिथंच तुटायचं. रस्त्यातल्या माणसाला "शेट, राहू द्या की" म्हणायची सोय नव्हती. खोकं त्याचं, बटण त्याचं.

घरी आलो की आक्का परसदारी भांडी पुढ्यात घेऊन वाट बघत बसलेली असायची.

"काय लागलंतं?"

"एक बाई गात होती."

"कशी?"

"लई चांगली."

"अरं, चांगली म्हंजे कशी? म्हणून दाव की."

मी म्हणून दाखवायचो. ती तोंडाला पदर लावून हसायची. "रेड्यागत आवाज हाय रं तुझा. खरं, चाल कळाली. फुडं?"

आमच्याकडं बोलताना 'पण'च्या जागी 'खरं' येतं.

"फुडं शेटनं बटण फिरवलं."

"हात मोडला त्याचा," असं म्हणून ती तव्याला राख लावायला घ्यायची. हे रोजचं होतं. वारा आमच्या बाजूचा असला तर तिला परसातच थोडं ऐकू यायचं, एखादी तान, एखादा ठेका. कितीतरी गाण्यांची सुरुवात तिला पाठ होती. शेवट एकाचाही माहीत नव्हता.

आजकाल माझ्या वयाची माणसं म्हणतात, त्या रस्त्यात उभं राहून ऐकण्यात जी गोडी होती ती आता उरली नाही. असेल. मला ती गोडी परत नको. माझे पाय दुखायचे, आणि माझी बहीण परसदारी बसलेली असायची.

मॅट्रिक झाल्यावर समाजाच्या बोर्डिंगात जागा मिळाली आणि मी बेळगावला कॉलेजात गेलो. तिथं एका हॉटेलात रेडिओ होता. खुर्चीवर बसून गाणं ऐकायला मिळायचं, पण चहा घेतल्याशिवाय बसायचं नाही असा मालकाचा दंडक. गाण्याची वेळ दिवेलागणीनंतरची, आणि दिवेलागणीनंतर माझ्या तोंडात काही जायचं नाही. मग मी चहा मागवायचा आणि सोबतच्या खानापूरच्या मित्रानं तो प्यायचा, अशी आमची तोड निघाली. मालकाच्या लक्षात आलं तेव्हा तो म्हणाला, "काय हो, तुमचा चहा रोज हेच का पितात?"

मित्र म्हणाला, "त्याचा धर्म मी सांभाळतोय, मालक. आणखी एक आणा."

तिथंही गाणं पुरतं कानात पडायचं नाही. कपबश्या खणखणत, पोऱ्या ओरडे, शेजारच्या टेबलावर कज्जेदलाली चाले. पण मी कान उघडे ठेवून ऐकत गेलो. राग म्हणजे काय, ठेका म्हणजे काय, हे वर्गात नव्हे, त्या कपबश्यांत शिकलो. सुटीत निपाणीला गेलो की आक्काला सांगायचो. ती आता "फुडं?" असं विचारत नव्हती. मला वाटलं, तिनं सोडून दिलं. त्या वाटण्यानंच मला जास्त लागलं.

मी बी.ए. झालो. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. ज्या घरात अंगठ्याशिवाय दुसरी सही नव्हती, त्या घरातला मी पहिला पदवीधर. बेळगावातच हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर आप्पांना, आईला आणि आक्काला वखारीतून सोडवून आणलं. अनगोळच्या वाटेवर कौलारू घर भाड्यानं घेतलं. त्यात विजेचा दिवा होता. आई पहिले काही दिवस त्या दिव्याखालीही हात कपाळावर धरून बघायची, उन्हात बघतात तशी. आप्पांचा खोकला मोकळ्या हवेत हळूहळू बसला.

लढाई सुरू झाली होती. कॅम्पातले गोरे साहेब भराभर बदलून जात आणि त्यांच्या सामानाचे लिलाव होत. टेबलं, आरसे, कुत्र्यांच्या साखळ्या. अशा एका लिलावात मला रेडिओ मिळाला. टांग्यात मांडीवर धरून आणला. पोस्टातून परवाना काढला, कौलांवरून समोरच्या नारळाला तार बांधली आणि संध्याकाळी बटण दाबलं. आतल्या काचेच्या नळ्या निखाऱ्यासारख्या लाल झाल्या. मग मुंबई लागली.

आक्का स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. मी म्हटलं, "आत ये की गं."

"हितनं ऐकू येतंय."

"आपलंच घर हाय."

"ठाऊक हाय. हितनं ऐकू येतंय म्हटलं न्हवं?"

दाराआडच तिनं ते गाणं ऐकलं. संपल्यावर बाहेर आली नाही. आत पाण्याच्या घागरी पुसल्याचा आवाज येत राहिला. पुसलेल्याच घागरी.

उन्हाळाभर असं चाललं. मग पावसाळा आला, आणि घोटाळा झाला.

पावसाळ्याचे चार महिने म्हणजे आमचा चातुर्मास. आप्पांनी वखार सुटल्यावर व्रतं वाढवली होती. एकभुक्त राहायचे आणि चालताना खाली बघून पाऊल टाकायचे. जीव मरू नये यासाठी ते फार जपत. अशात एका सकाळी केर काढताना आईला रेडिओच्या मागं मूठभर पाखरं मेलेली दिसली. चिलटं, पंखवाल्या मुंग्या, दोन मोठे पतंग. रात्री त्या लाल नळ्यांच्या उजेडाला आत शिरली होती आणि आत भाजून मेली होती. आईनं आप्पांना हाक मारली. नसती मारली तर बरं झालं असतं, असं मला त्या घटकेला वाटलं.

आप्पा उकिडवे बसून ती पाखरं बघत राहिले. मग मला म्हणाले, "ह्ये गाण्याचं यंत्र हाय, का खाटीकखाना?"

"आप्पा, दिव्यावरबी पाखरं येतात की."

"दिव्याबिगर अडतंय. गाण्याबिगर काय अडतंय?"

याला माझ्याकडं उत्तर होतं. ते दाराआड उभं होतं. पण ते तोंडानं बोलून दाखवायची आमच्या घरात रीत नव्हती.

आप्पांनी त्या दिवशी उपास धरला. आईच्याही घशाखाली घास उतरेना. संध्याकाळी ते म्हणाले, "विकून टाक. न्हायतर ज्याचं त्याला दे." ज्याचं ते होतं तो साहेब तर समुद्रापलीकडं गेला होता. मी आक्काकडं पाहिलं. ती म्हणाली, "आप्पा म्हणत्यात ते बरोबर हाय. मला न्हाय लागत ते." आणि ती तांदूळ निवडायला बसली. निवडलेल्या तांदळात खडे शोधत होती. तिला काही मिळालं आणि ते तिच्या हातून परत चाललंय, हे मला दिसत होतं. या वेळी ते परत जाऊ द्यायचं नाही, असं मी मनात धरलं.

दिवसा लावावा म्हटलं तर दिवसा मुंबई धड लागायची नाही, आणि मी शाळेत. गाणं ऐकायचं तर दिवेलागणीलाच, आणि पाखरं त्याच वेळेची.

तोड आईनं काढली. आमच्या घरी पाणी गाळायचं जाड दुपट्टी फडकं असतं. त्यातून किडामुंगी जाणार नाही अशी खात्री. आई म्हणाली, "पाण्याला चालतंय ते रेडिओला का चालू न्हाय?" आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. आप्पांनी स्वतः फडकं ओढून बघितलं, गाठी तपासल्या. रेडिओच्या पाठीला ते घट्ट गुंडाळलं, फटसुद्धा ठेवली नाही. जगात दुसऱ्या कुठल्या घरानं रेडिओ पाण्याच्या गाळण्यात बांधला असेल असं मला वाटत नाही. बटण दाबलं. एक सतार चांगली रंगली. आप्पाही ऐकत होते. मग जळक्या लाखेसारखा वास आला, सतार घोगरी झाली, आणि खोकं गप्प पडलं.

आईनं फडकं सोडलं. ते इस्त्रीसारखं तापलं होतं.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या मागं बांधून मी रेडिओ कॅम्पात एका दुरुस्तीवाल्याकडं नेला. पाठीला फडक्याचे धागे चिकटलेले बघून तो म्हणाला, "मास्तर, याला सर्दी झाली होती काय? इतका गुंडाळला कशाला?" मी कारण सांगितलं. तो पोट धरून हसला, मग गंभीर झाला, कारण लढाईमुळं आतले भाग मिळत नव्हते. "बघतो," एवढंच म्हणाला. मिळालं तर मिळालं. आणि बजावलं, की याच्या पाठीला हवा पाहिजे, चारी बाजूंनी वीतभर मोकळी.

ते पंधरा-वीस दिवस मला फार जड गेले. संध्याकाळी घरी कोपरा रिकामा. आप्पा सुटल्यासारखे दिसत होते. आक्का कामाला कामं जोडत होती. शाळेतून येताना मी दुरुस्तीवाल्याकडं डोकवायचो आणि तो लांबूनच मान हलवायचा. एकदा त्यानं मान हलवली नाही, हात हलवला. एका भंगार सेटमधला भाग बसवून त्यानं तो बोलता केला होता.

पण घरी न्यायचा कसा? आप्पांपुढं तो ठेवायचा कसा? तो दुकानातच ठेवून मी घरी आलो आणि दारातच सायकल धरून उभा राहिलो. आक्कानं विचारलं, "काय म्हणाला त्यो?"

"बरा झालाय. खरं, त्याला हवा पाहिजे म्हणतोय. झाकायचा न्हाय."

तिनं वळून स्वयंपाकघराकडं पाहिलं. मग म्हणाली, "हवा तर दुधालाबी लागती."

आमच्या स्वयंपाकघरात जाळीचं कपाट होतं. चार पाय, वर लाकडाची चौकट, सगळ्या बाजूंनी बारीक जाळी, पुढं जाळीचंच दार. दूध, तूप, लोणी त्यात. आक्का आत गेली आणि दुधाची पातेली बाहेर काढायला लागली. आई ओरडली, "अगं, आन् दूध कुठं ठिवू? तुझ्या डोक्यावर?"

"ठेव की. मी तरी कुठं हलणार हाय, गाणं ऐकत बसणार."

तिच्या तोंडून असं उघड मागणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आईनंही. आई तुपाचा गडवा काढून देऊ लागली.

कपाट पुढच्या खोलीत आणलं. जाळीला आतून आक्कानं विरळ मलमल टाचली, हवा जाईल पण चिलट जाणार नाही अशी. मी कॅम्पातून रेडिओ आणून मधोमध ठेवला, भोवती वीतभर मोकळं. उजेड असतानाच मुंबईचा काटा लावायचा, दार घट्ट लावायचं, आणि मग चालू-बंद भिंतीवरच्या बटणानं. आप्पा काठीवर हनुवटी टेकून बघत होते. त्यांना मी विचारलं नाही. त्यांनीही नको म्हटलं नाही.

सकाळी आम्ही उठायच्या आधी ते कपाटापाशी होते. दार उघडलं, धुवट पांढरं फडकं तळावरून फिरवलं, ते फडकं अंगणात उन्हात नेऊन उलटसुलट बघितलं. आक्का चुलीपाशी बसून बाहेर कान देत होती. जाळ विझत आला होता, तिचं लक्ष नव्हतं. आप्पा आत आले, फडकं झटकलं आणि म्हणाले, "बरं हाय."

आक्कानं फुंकर मारली, चूल धडधडून पेटली.

या कपाटानं आणखी एक गोष्ट केली जी आमच्या कुणाच्या मनात नव्हती. दिवेलागणीनंतर दार उघडायचं नाही, म्हणजे काटा कुणी फिरवू शकत नव्हतं. जे गाणं लागेल ते पहिल्या सुरापासून शेवटच्या तिहाईपर्यंत. आवडो न आवडो. आक्काच्या मनात अर्धी राहिलेली कितीतरी गाणी त्या पावसाळ्यात पुरी झाली. एखादी ओळखीची सुरुवात आली की ती ताठ बसायची. संपलं की म्हणायची, "हे असं होतं व्हय? मला वाटलं, खाली येऊन संपत असंल."

एका संध्याकाळी मात्र गाण्यानंतर बातम्या लागल्या. कुठंतरी बाँब पडले, इतकी माणसं मेली. दार लावलेलं. आप्पा उठले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. "पाखरांसाठी जाळी मारली, आन् माणसं मारल्याचं ऐकत बसायचं व्हय?" तेव्हापासून नियम झाला. आमच्याकडं गाणं, फक्त गाणं. लढाईभर सगळं बेळगाव रेडिओला बातम्यांसाठी चिकटलं होतं. हिंडलग्याच्या बाजूनं येणारा आमच्या शाळेचा शिपाईसुद्धा विचारायचा, "मास्तर, जर्मनी कुठवर आली?"

"ठाऊक न्हाय. काल मालकंस होता."

"काय तुमचा रेडिओ! भाड्यानं दिला तर भजनी मंडळ तेवढं घेईल." मी हसून सोडून द्यायचो.

मधेच रेडिओवरून बाजाची पेटी बंद झाली. पेटीनं गाण्याचा सूर बिघडतो असं वरच्या माणसांनी ठरवलं म्हणे. आक्कानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "पेटी का वाजत न्हाय रं?" मी कारण सांगितलं. ती म्हणाली, "बिघडू द्या की आमचा. वखारीत काय तंबोरे होते?"

शेजारच्या बायका यायला लागल्या त्याचं कारण आमचं जेवण. आम्ही उजेडी जेवून मोकळे, म्हणून गाण्याच्या वेळेला आमच्या घरात धूर नाही, भांड्यांचा आवाज नाही. शेजारणी आपली भाजी निवडायला घेऊन यायच्या. त्या पुढच्या खोलीत बसायला लागल्या तसा दाराआड उभं राहण्यात अर्थ उरला नाही. पाहुण्यांना बसा म्हणायला आक्काला बाहेर यावंच लागलं. एकदा आली ती बसली. पुरुषमाणसं मग व्हरांड्यात सरकली, मीसुद्धा. नवीन कुणी येऊन मधे बोललं की आक्का बोट वर करायची, आणि बाई गप्प व्हायची. कुणी कधी म्हटलं नाही की हिनं इथं का बसावं. एकीनं एकदा तोंड उघडलं होतं. आप्पाच म्हणाले, "बाई, घर माझं हाय आन् लेक माझी हाय. तुमची भाजी निवडा."

आता लढाई संपली आहे. पेटी अजून बंदच आहे. गावात पुष्कळ घरांत रेडिओ आले, हॉटेलात चहा घेतल्याशिवायही लोक दारात उभे राहून ऐकतात आणि मालक काही म्हणत नाही. परवा निपाणीला गेलो होतो. व्यापाऱ्याच्या पेढीवर तोच जुना पेटारा आहे, रस्त्यात उभं राहणारं मात्र कुणी नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. लोक आपापल्या घरी बसले असतील.

माझे विद्यार्थी मला विचारतात, सर, पूर्वीचं गाणं चांगलं की आताचं? गाणाऱ्यांचं मला सांगता येत नाही. ऐकणाऱ्यांचं सांगतो, आताचं चांगलं. पाय दुखत नाहीत, गाणं तुटत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

मी बी.ए. झालो, आप्पा-आईला वखारीतून काढलं, घर केलं. त्यातलं मी सगळ्यांत मोठं धरतो ते हे. माझी विधवा बहीण रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत, दिव्याच्या उजेडात, खुर्चीवर बसून गाणं ऐकते, आणि संध्याकाळी कुठलं केंद्र लावायचं ते उजेड असतानाच तीच ठरवते.